कृष्णविवराचा घास : ताऱ्यांनी अडवलेला, ताऱ्यांनीच भरवलेला

कृष्णविवर म्हटले की बहुतेकांच्या मनात जवळ येईल ते गिळणाऱ्या राक्षसाचे चित्र उभे राहते. कथा-चित्रपटांनी ते पक्के केले आहे. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आणून ठेवले, तर पृथ्वीवर अंधार होईल, थंडीने सारे गोठेल. पण पृथ्वी आपल्या कक्षेतून तसूभरही ढळणार नाही. कृष्णविवरात पडणे ही सोपी गोष्ट नाही.

म्हणूनच दीर्घिकांच्या केंद्रातली महाकाय कृष्णविवरे लाखो, कोट्यवधी, कधी अब्जावधी सूर्यांएवढी कशी वाढली, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. त्यांचे अन्न म्हणजे मुख्यतः वायू. पण त्याच वायूवर आणखी एक हक्कदार टपून बसलेला असतो, तो म्हणजे नवे तारे. वायू केंद्राकडे निघाला की वाटेत त्याचे तारे होऊ लागतात. मग कृष्णविवराच्या वाट्याला उरते काय? तारे त्याचा घास पळवतात की उलट तेच त्याला भरवतात? गेल्या ८० वर्षांत या प्रश्नाची उत्तरे अनेकदा बदलली. एकेकाळी तर कृष्णविवराची गरजच नाही, सगळे काम तारेच करतात, असेही गंभीरपणे मांडले गेले. त्या वादाची आणि त्यातून निघालेल्या आजच्या समजुतीची ही कहाणी.

सहा विचित्र दीर्घिका

कहाणीचा आरंभ १९४३ मध्ये होतो. अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत काम करणाऱ्या कार्ल सायफर्ट या तरुण खगोलशास्त्रज्ञाने सहा सर्पिल दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची केंद्रे एखाद्या ताऱ्यासारखी टिपक्याएवढी आणि अतिशय तेजस्वी होती. केंद्राच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला, तर त्यातल्या रेषा विलक्षण रुंद दिसत. याचा अर्थ तिथला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावत होता. सामान्य दीर्घिकेत वायूचा वेग सेकंदाला दोन-तीनशे किलोमीटर असतो. एनजीसी १०६८ आणि एनजीसी ४१५१ ही त्या यादीतली दोन नावे आजही संशोधकांच्या रोजच्या वापरातली आहेत.

या निबंधाकडे त्या काळी फारसे कुणी लक्ष दिले नाही. सायफर्ट १९६० मध्ये मोटार अपघातात गेले, तेव्हा ते अवघे ४९ वर्षांचे होते. अशा दीर्घिकांना आज त्यांचेच नाव आहे, पण आपण काय शोधले हे पूर्णपणे कळण्याआधीच त्यांचे आयुष्य संपले.

तीन वर्षांनी चित्र पालटले. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ या रेडिओ-स्रोताचा वर्णपट उलगडला. ताऱ्यासारखा दिसणारा तो ठिपका दोन अब्ज प्रकाशवर्षांहून दूर निघाला. एवढ्या अंतरावरून तो दिसतो, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या शंभराहून अधिक दीर्घिकांइतका प्रकाश तो एकटा देत असणार. त्याच वर्षी हार्लन स्मिथ आणि डॉरिट हॉफ्लाइट यांनी हार्वर्डच्या जुन्या छायाचित्रांच्या काचा तपासल्या आणि त्याचे तेज वर्षा-दोन वर्षांतही कमी-जास्त होते, असे दाखवले. जी वस्तू वर्षभरात मंदावते, ती एखाद्या प्रकाशवर्षाहून फार मोठी असू शकत नाही. शंभर दीर्घिकांचा प्रकाश एवढ्याशा जागेतून येत होता. अशा वस्तूंना क्वेसार हे नाव पडले.

ही ऊर्जा कोठून येते? फ्रेड हॉईल आणि विल्यम फाउलर यांनी १९६३ मध्ये सूर्याच्या लाखो-कोटी पट वस्तुमानाचे एकच महातारे कल्पिले. त्या वेळी जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉईल यांच्याच हाताखाली संशोधन करत होते; क्वेसारांचे कोडे त्यांनी पुढे आयुष्यभर सोडले नाही. अजित केंभावी यांच्यासह त्यांनी लिहिलेला क्वेसार आणि सक्रिय दीर्घिका-केंद्रांवरचा पाठ्यग्रंथ १९९९ मध्ये केंब्रिजने प्रसिद्ध केला. प्रस्थापित मताबद्दल नारळीकरांना शंका होत्या, हे मराठी वाचकाला ठाऊक आहेच. त्या शंका एकाकी नव्हत्या, हे पुढे दिसेल.

१९६४ मध्ये एडविन सॅल्पीटर यांनी अमेरिकेत आणि याकोव्ह झेल्दोविच यांनी सोव्हिएत संघात, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वेगळे उत्तर सुचवले : महाकाय कृष्णविवरावर पडणारा वायू तापतो आणि प्रकाशतो. सूर्यात हायड्रोजनचे हेलियम होते, तेव्हा वस्तुमानाच्या ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. कृष्णविवराभोवती फिरत आत घसरणाऱ्या वायूतून मात्र १० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बाहेर पडू शकते. १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडन-बेल यांनी यापुढचे पाऊल टाकले. क्वेसार पूर्वी पुष्कळ होते आणि आज विरळ आहेत. तेव्हा विझलेले क्वेसार, म्हणजे उपाशी कृष्णविवरे, जवळच्या दीर्घिकांच्या केंद्रांत असली पाहिजेत. मार्टिन रीस यांच्यासह त्यांनी १९७१ मध्ये आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातही ते शोधावे असे सुचवले. १९७४ च्या फेब्रुवारीत ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना धनू राशीत, नेमक्या त्या ठिकाणी, एक बारीक तेजस्वी रेडिओ-ठिपका सापडला. त्याला आज 'सॅजिटेरियस ए-तारा' म्हणतात.

अडलेला घास

तगड्या क्वेसारला वर्षाला एक-दोन सूर्यांएवढा वायू पुरतो. दीर्घिकेत अब्जावधी सूर्यांएवढा वायू असतो. मग अडचण कसली?

अडचण कोनीय संवेगाची आहे. दीर्घिकेतला वायू केंद्राभोवती फिरत असतो. गोफणीतला दगड जसा हाताकडे येत नाही, तसाच फिरणारा वायू आपली फिरकी कुणाला तरी दिल्याशिवाय केंद्राकडे येऊ शकत नाही. ढोबळ हिशेब करून पाहू. केंद्रापासून सुमारे ३० हजार प्रकाशवर्षांवर सेकंदाला २०० किलोमीटर वेगाने फिरणारा वायू १० कोटी सूर्यांच्या कृष्णविवरात पडायचा असेल, तर त्याच्या मूळ कोनीय संवेगापैकी दहा लाखांत दोन-तीन भागच शिल्लक राहायला हवेत. बाकी सगळा वाटेत टाकून द्यावा लागतो.

वाटेचा पहिला टप्पा समजायला तुलनेने सोपा होता. अलार आणि युरी टूम्रे या बंधूंनी १९७२ मध्ये दोन दीर्घिकांच्या टकरीची गणिते मांडली आणि अशा धडकेत वायू केंद्राकडे लोटला जाऊन तिथली भट्टी पेटत असेल का, असा प्रश्नही विचारला. १९८९ मध्ये आयझॅक श्लॉसमन, युहान फ्रँक आणि मिचेल बेगेलमन यांनी आतला टप्पा सुचवला : दीर्घिकेच्या मध्यभागी ताऱ्यांचा लांबट दांडा असतो, तो वायूला आत ढकलतो, आत साठलेल्या वायूचा पुन्हा छोटा दांडा होतो, तो आणखी आत ढकलतो. अगदी शेवटच्या टप्प्यासाठी शाकुरा आणि सुन्याएव यांचा १९७३ चा चकतीचा सिद्धांत होता.

मधला टप्पा मात्र अडून राहिला. अलार टूम्रे यांनीच १९६४ मध्ये दाखवले होते की फिरती चकती पुरेशी जड आणि थंड असेल, तर स्वतःच्याच गुरुत्वाने तिच्यात गाठी पडतात. हा निकष क्वेसारच्या चकतीला लावला, तर कृष्णविवरापासून प्रकाशवर्षाच्या काही शतांशांपलीकडे चकती स्थिर राहूच शकत नाही. तिच्या गाठी होणार, गाठींचे तारे होणार. आणि तारा झाला की वायूचा प्रवास थांबला. वायूचे ढग एकमेकांवर आदळून फिरकी गमावतात. तारे एकमेकांना न शिवता कोट्यवधी वर्षे फिरत राहतात. म्हणजे गणिताप्रमाणे घास तोंडाशी येण्याआधीच तारे तो पळवणार. तरीही आकाशात क्वेसार लखलखत होते.

कृष्णविवरच नको!

या पार्श्वभूमीवर १९८५ मध्ये अर्जेंटिनात जन्मलेले रॉबर्टो टेर्लेविच आणि चिलीचे होर्हे मेलनिक यांनी धाडसी विचार मांडला. केंद्राकडे आलेल्या वायूचे तारेच होत असतील, तर तारेच पुरे आहेत की! फार जड तारे आयुष्याच्या अखेरीस वरचे थर उधळून टाकतात आणि एक लाख अंशांहून तप्त होतात. त्यांच्या अतिनील प्रकाशाने सायफर्ट दीर्घिकांचा वर्णपट तयार होईल. नंतर त्यांनी व सहकाऱ्यांनी त्यात दाट वायूत फुटणाऱ्या अतिनवताऱ्यांची भर घातली. रुंद रेषा त्या स्फोटांतून येतात, असे त्यांचे म्हणणे.

आज ही कल्पना विक्षिप्त वाटेल, पण तिला आधार होता. १९८७एफ या अतिनवताऱ्याचा वर्णपट सायफर्ट दीर्घिकेच्या केंद्राशी किती जुळतो, हे अलेक्सेई फिलिपेंको यांनी १९८९ मध्ये दाखवले. शिवाय तारे आहेत हे सगळ्यांना दिसत होते, कृष्णविवर मात्र कुणी पाहिले नव्हते. दिसणाऱ्या गोष्टीने काम भागत असेल, तर न दिसणारी गृहीत का धरावी?

निकाल निरीक्षणांनी लावला. १९९४ मध्ये हबल दुर्बिणीने एम ८७ दीर्घिकेच्या केंद्राभोवती वेगाने फिरणारी वायूची चकती दाखवली. त्या वेगाला आत अब्जावधी सूर्यांचे वस्तुमान हवे होते. १९९५ मध्ये मियोशी आणि सहकाऱ्यांनी एनजीसी ४२५८ मधल्या पाण्याच्या वाफेच्या रेडिओ-लहरी मोजल्या आणि अर्ध्या प्रकाशवर्षाहूनही लहान त्रिज्येत जवळजवळ चार कोटी सूर्य कोंबलेले आढळले. त्याच वर्षी जपानच्या 'आस्का' उपग्रहाने एका सायफर्ट केंद्रातल्या लोहाची क्ष-किरण रेषा ताणलेली, एका बाजूला ओघळलेली पाहिली. प्रबळ गुरुत्वाकर्षणाच्या अगदी जवळून आलेला प्रकाशच असा दिसतो. कृष्णविवराशिवाय भागत नव्हते.

टेर्लेविच यांचा सिद्धांत हरला, पण त्यांचा प्रश्न हरला नाही. त्यांच्या आग्रहामुळे लोक सायफर्ट दीर्घिकांच्या केंद्रांत तरुण तारे शोधू लागले, आणि ते सापडलेही. रोसा गोन्सालेस देल्गादो, टिमोथी हेकमन आणि इतरांनी १९९८ मध्ये हबलच्या अतिनील प्रतिमांत काही सायफर्ट केंद्रांशेजारी नवताऱ्यांचे दाट पुंज दाखवले. २००३ मध्ये गिनेव्हेरे कॉफमन यांच्या गटाने स्लोन आकाश-सर्वेक्षणातली २२ हजारांहून अधिक सक्रिय केंद्रे तपासली. ज्यांचे केंद्र प्रखर, त्यांच्या दीर्घिकेत तरुण ताऱ्यांचा अंश जास्त, असा कल दिसला. तत्पूर्वी १९८८ मध्ये डेव्हिड सँडर्स आणि सहकाऱ्यांनी अवरक्त किरणांत झगमगणाऱ्या दहा दीर्घिकांचा अभ्यास करून म्हटलेच होते की टकरीतून आधी ताऱ्यांचा पूर येतो, मग धुळीचा पडदा सरून आतला क्वेसार दिसतो.

तारे आणि कृष्णविवर यांतले एक निवडायचे नव्हते. दोघे एकाच घरात राहत होते. आता प्रश्न होता तो क्रमाचा.

मधली थांबण्याची वेळ

क्रम शोधायचा तर केंद्राच्या अगदी जवळच्या ताऱ्यांचे वय कळायला हवे. २००७ मध्ये जर्मनीतल्या गार्चिंगचे रिचर्ड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप'वरून नऊ सक्रिय केंद्रे न्याहाळली. तिथे तारे जन्मले होते, तेही गेल्या एक ते तीस कोटी वर्षांत, म्हणजे खगोलाच्या हिशेबाने कालपरवाच. पण बहुतेक ठिकाणी तारेनिर्मिती थांबली होती. ताऱ्यांची लाट उसळल्यापासून कृष्णविवर चेतण्यापर्यंत सुमारे पाच ते दहा कोटी वर्षे जातात, असा अंदाज त्यांनी काढला. २०१० मध्ये व्हिव्हियन वाइल्ड, हेकमन आणि शार्लो यांनी वेगळ्या पद्धतीने, ४०० दीर्घिका घेऊन हाच प्रश्न विचारला. त्यांना विलंब सुमारे २५ कोटी वर्षांचा मिळाला. आकडे वेगळे, पण आधी तारे, मग थांबा आणि मग कृष्णविवर हा क्रम दोन्हीकडे तोच.

हा थांबा का? उत्तर ताऱ्यांच्या आयुष्यक्रमात आहे. नव्या पुंजातले सर्वांत जड तारे प्रथम बोलतात. त्यांचे वारे सेकंदाला हजार किलोमीटर आणि अधिक वेगाने सुटतात. त्यांच्यामागून अतिनवताऱ्यांचे स्फोट येतात. त्यातला वायू इतका तप्त आणि वेगवान असतो की कृष्णविवराचे गुरुत्व त्याला धरू शकत नाही. उलट तो आसपासचा थंड वायूही हुसकून लावतो. सूर्याच्या आठपटीहून जड तारेच असे फुटतात, आणि त्यातला सर्वांत हलकाही सुमारे चार कोटी वर्षांत संपतो. त्यानंतर गोंगाट ओसरतो. मग पाळी येते मध्यम ताऱ्यांची. ते फुगून तांबडे राक्षसी तारे होतात आणि आपले बाहेरचे थर सेकंदाला दहा-वीस किलोमीटर अशा मंद वाऱ्याने सोडून देतात. हा वायू पळून जात नाही. तो केंद्राजवळ साठतो, त्याचे ओघ एकमेकांवर आदळतात, फिरकी गमावतात आणि आत उतरतात. जे तारे घास पळवतात असे वाटत होते, तेच म्हातारपणी तो परत करतात. पुंजातल्या ताऱ्यांनी टाकलेल्या वायूवर कृष्णविवर वाढू शकेल, असे कॉलिन नॉर्मन आणि निक स्कोव्हिल यांनी १९८८ मध्येच मांडले होते.

स्फोटही निव्वळ शत्रू नव्हेत. केइची वादा आणि नॉर्मन यांनी २००२ मध्ये संगणकीय प्रारूपातून दाखवले की अतिनवतारे केंद्राभोवतीच्या चकतीला घुसळतात. घुसळण झाली की चकती जाड होते आणि तिच्या थरांत घर्षणासारखा परिणाम होतो. काही वायू फिरकी बाहेर देऊन आत सरकतो. म्हणजे स्फोट वायू उधळतात आणि आतही सारतात. कोणते पारडे जड ठरेल, हे वायू किती दाट आणि गुरुत्व किती खोल यावर अवलंबून आहे.

छोट्या दीर्घिकांत पारडे बहुधा उधळण्याकडे झुकते. योहान द्युब्वा आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या प्रारूपात लहान दीर्घिकेचे कृष्णविवर दीर्घकाळ उपाशी राहते, कारण अतिनवतारे वायू केंद्रात टिकूच देत नाहीत. दीर्घिकेचे मधले फुगीर अंग पुरेसे जड झाले, स्फोटाने उडालेला वायू खाली पडू लागला, की मगच कृष्णविवर बाळसे धरते.

आपल्या घरात

या साऱ्याचा जवळचा दाखला आपल्याच आकाशगंगेत, २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. तिथल्या कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्य. त्याभोवतीच्या ताऱ्यांच्या कक्षा मोजल्याबद्दल राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. १२ मे २०२२ रोजी त्याची प्रतिमा जगापुढे आली.

या कृष्णविवराच्या दीड-दोन प्रकाशवर्षांच्या परिसरात जड, तरुण ताऱ्यांचा घोळका आहे. तो तिथे असायला नको. कृष्णविवराची भरती-ओहोटीची ओढ सामान्य ढगाला तारा होण्याआधीच फाडून टाकील. मग हे तारे आले कोठून? २००३ मध्ये युरी लेव्हिन आणि आंद्रेई बेलोबोरोदोव्ह यांनी लक्षात आणून दिले की त्यांतले पुष्कळसे एकाच पातळ चकतीत फिरतात. कधीतरी इथे वायूची दाट चकती होती, तिच्यात गाठी पडल्या आणि तारे झाले, म्हणजे टूम्रे यांच्या निकषाने वर्तवलेली नेमकी तीच घटना. या ताऱ्यांचे वय ४० ते ८० लाख वर्षे निघते.

त्यांपैकी सुमारे तीस वूल्फ-रायट तारे आहेत, आपले थर वाऱ्याने उधळणारे. सगळे मिळून वर्षाला सूर्याच्या एक हजारांशाएवढा वायू टाकतात. होर्हे क्वाद्रा, सर्गेई नायक्षिन आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये या वाऱ्यांची गणिते केली तेव्हा दिसले की आजचे कृष्णविवर मुख्यतः याच उष्ट्यावर जगते. पण त्या हजारांशातलेही त्याच्या तोंडी पडते ते सूर्याच्या काही अब्जांशाएवढे. बाकी सारे उडून जाते. आपले कृष्णविवर इतके मंद का, याचे बरेचसे उत्तर इथे आहे : त्याचे यजमान अजून तरुण आहेत, आणि तरुण ताऱ्यांचा वारा पोट भरत नाही.

ते नेहमीच असे नव्हते. २०१० मध्ये फर्मी दुर्बिणीच्या नोंदींत आकाशगंगेच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे पसरलेले गॅमा किरणांचे दोन बुडबुडे सापडले. जॉस ब्लँड-हॉथॉर्न आणि सहकाऱ्यांच्या मते सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वी आपले केंद्र सायफर्टसारखे भडकले होते. हे खरे असेल, तर आफ्रिकेत माणसाचे दोन पायांवर चालणारे पूर्वज वावरत असताना आपली आकाशगंगा सायफर्टच्या यादीत शोभली असती. ज्या चकतीतून ते तारे झाले, तिचाच उरलेला वायू तेव्हा आत पडला का, हा प्रश्न साहजिक आहे. बुडबुडे ताऱ्यांच्या स्फोटांनी फुगवले असावेत, असे मानणारेही आहेत. चाळीस वर्षांपूर्वीचा वाद इथे नव्या रूपात चालू आहे.

किती पोहोचते?

२०२३ मध्ये ताकुमा इझुमी आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या 'अल्मा' दुर्बिणींनी एक कोटी ४० लाख प्रकाशवर्षांवरच्या सर्सिनस दीर्घिकेचे केंद्र अभूतपूर्व बारकाईने पाहिले. चकती स्वतःच्या गुरुत्वाने अस्थिर झालेली आहे आणि तीच अस्थिरता वायूला आत ढकलते, असे त्यांना आढळले. जी गोष्ट ताऱ्यांना जन्म देते, तीच कृष्णविवराची वाटही मोकळी करते. आत येणाऱ्या वायूतला तीन टक्क्यांहून कमी भाग कृष्णविवराला मिळतो. बाकीचा बहुतेक बाहेर फेकला जातो आणि त्यातला बराचसा कारंज्यासारखा पुन्हा चकतीवर पडतो. अलीकडच्या काही संगणकीय प्रारूपांत चुंबकीय क्षेत्र चकतीला आधार देऊन अगदी आतल्या भागात गाठी पडू देत नाही, असेही दिसू लागले आहे. टूम्रे यांच्या निकषाने घातलेला पेच त्यातून काही अंशी सुटतो.

हे सारे एवढे महत्त्वाचे का? २००० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की केंद्रातल्या कृष्णविवराचे वस्तुमान आणि त्याभोवतीच्या ताऱ्यांचे वेग यांचे नाते ठरीव आहे, जरी त्यांतल्या बहुतेक ताऱ्यांना कृष्णविवराची ओढ जाणवतही नाही. विश्वात तारे सर्वाधिक वेगाने जन्मले तो काळ, सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वीचा, आणि क्वेसारांच्या भरभराटीचा काळही जवळपास तोच. दोघांचा इतिहास एकत्र घडला, आणि वायूची वाटणी कोण कशी करतो यावर तो घडला. सूर्यासारखे तारे किती झाले आणि किती व्हायचे राहिले, याचा हिशेबही याच वाटणीत आहे.

आपल्या केंद्राभोवतीच्या काहीशे प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात आजही कोट्यवधी सूर्यांएवढा थंड, दाट वायू आहे. एवढ्या वायूतून जितके तारे व्हायला हवेत, त्याच्या दशांशाच्या आसपासच तिथे होत आहेत. हा वायू पुढे आत सरकेल तेव्हा आधी त्याचे तारे होतील, मग कदाचित काही कोटी वर्षांनी ते तारे म्हातारे होऊन मंद वारे सोडू लागतील. निरीक्षणांतून दिसलेला क्रम खरा असेल, तर आपल्या कृष्णविवराचे पुढचे जेवण तेव्हा वाढले जाईल.